काचेतले तळे आणि भीमेचे पाणी

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः पाण्याचा इतिहास होय. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंगपूर येथे भीमेला मिळते, आणि ह्या तीन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात माणसाची सारी धडपड एकाच गोष्टीसाठी चाललेली दिसते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला व कालव्याखालची जमीन बागायती झाली. सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा मात्र कोरडाच राहिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बारामतीच्या परिसरात 'कासा' ह्या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या साहाय्याने, धान्याच्या मोबदल्यात श्रम ह्या तत्त्वावर, पाझर तलाव खोदले गेले. १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पात्र इंदापूर तालुक्यात समुद्रासारखे पसरले. कालवा, पाझर तलाव, जलाशय, शेततळे अशी ही पाण्याची वंशावळ आहे.

ह्या वंशावळीत अलीकडे एका नव्या, छोट्या तळ्याची भर पडली आहे. ते दिवाणखान्यात असते आणि त्याच्या चारही भिंती काचेच्या असतात. गृहाशीर्वादाच्या निमित्ताने धर्मगुरूला नव्या घरांत जावे लागते. एके काळी अशा घरात वेदीशेजारी फुलदाणी असे. आता समोरच्या भिंतीला पाच-सहा फूट लांबीची, खास मापे देऊन बनवून घेतलेली मत्स्यपेटी असते. पाहुण्यांची दृष्टी प्रथम तिच्याकडेच जाते. हे काचेतले तळे आले कोठून, ते जगते कसे, आणि घराबाहेरून वाहणाऱ्या नदीशी त्याचे नाते काय, ह्याचा थोडा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

पिसिना आणि विवारियम

मासा जवळ बाळगण्याची हौस फार जुनी आहे. रोमन उमराव समुद्रकाठच्या आपल्या वाड्यांना लागून खाऱ्या पाण्याची तळी बांधीत व त्यांत मुरेना नावाचे बामसदृश मासे पाळीत. एका सरदाराने आपला लाडका मासा मेला म्हणून शोक केला, अशी कथाही प्राचीन लेखकांनी नमूद केली आहे. अशा तळ्याला लॅटिन भाषेत 'पिसिना' म्हणत. हाच शब्द पुढे ख्रिस्तसभेने आपलासा केला, ही मोठी मनोज्ञ गोष्ट आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानातील ज्या तळ्याकाठी अडतीस वर्षांचा आजारी पडून होता, त्या तळ्याला लॅटिन बायबलात 'पिसिना' असेच म्हटले आहे. स्नानसंस्काराच्या कुंडालाही तेच नाव मिळाले. तेर्तुलियन ह्या आफ्रिकेतील लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास स्नानसंस्कारावर ग्रंथ लिहिला. त्यात तो ख्रिस्ती माणसाला छोटा मासा म्हणतो: आपण पाण्यात जन्मतो आणि पाण्यात राहूनच तरतो, असा त्याचा आशय आहे. ग्रीक भाषेतील 'इख्थिस' म्हणजे मासा, आणि ह्या शब्दाच्या पाच अक्षरांत 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' ही कबुली सामावलेली, म्हणून छळाच्या काळात भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर मासा कोरला गेला. जुन्या चर्चमध्ये वेदीच्या उजव्या भिंतीत पवित्र पात्रे धुतलेले पाणी थेट मातीत सोडण्यासाठी एक छोटे कुंड असे, त्यालाही 'पिसिना'च म्हणत. ते पाणी गटारात जाऊ नये, मातीत मुरावे, असा दंडक होता. पाणी कोठे सोडावे ह्यालाही काही शिस्त असते, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

सहाव्या शतकात कासियोदोरस ह्या विद्वान मुत्सद्द्याने राजकारण सोडले आणि दक्षिण इटलीत आपल्या वतनावर एक मठ स्थापिला. डोंगर फोडून केलेल्या तिथल्या मत्स्यतळ्यांवरून त्या मठाला 'विवारियम' म्हणजे 'जिवंत मासे ठेवण्याची जागा' असे नाव पडले. रोमन साम्राज्य कोसळत असताना ह्या मठात धर्मग्रंथांच्या व प्राचीन ग्रंथांच्या नकला करून ते जपले गेले. तळ्यात मासे आणि ग्रंथालयात ग्रंथ, दोन्ही एकाच काळजीने सांभाळले जात. पुढे मध्ययुगात युरोपभर मठांच्या आवारात अशी तळी झाली. उपवासकाळात व शुक्रवारी मांसाहार वर्ज्य असल्यामुळे संन्यस्तांना माशाची गरज भासे, आणि समुद्रापासून दूरच्या मठांना कार्प हा गोड्या पाण्यातील मासा सोयीचा वाटला. तळे उपसावे, गाळ काढावा, मोठे मासे घ्यावे, पिल्ले राखावी, हे शास्त्र मठवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

तथापि हे सारे मासे ताटासाठी होते. केवळ डोळ्यांसाठी मासा पाळण्याची कला चीनने सिद्ध केली. सुंग राजवटीत तेथे साध्या करड्या माशांतून सोनेरी-तांबड्या रंगाचे मासे निवडून वाढविण्यात आले. हे सोनमासे अंगणातील हौदांत व मातीच्या कुंड्यांत ठेवीत आणि वरून पाहात. सतराव्या शतकाच्या अखेरीस लुई ल कोंत आणि पुढे १७३५ मध्ये द्यु हाल्द ह्या येशूसंघीय लेखकांच्या चीनविषयक ग्रंथांतून युरोपीय वाचकांना त्यांची सविस्तर माहिती मिळाली. खगोलशास्त्र आणि नकाशे घेऊन पेकिंगला गेलेल्या येशूसंघीयांच्या पत्रव्यवहारात सोनमाशालाही जागा मिळाली, हे त्या पिढीच्या उघड्या डोळ्यांचे लक्षण होय.

काच, वनस्पती आणि गोगलगाय

मासा वरून पाहणे वेगळे आणि समोरून पाहणे वेगळे. समोरून पाहावयाचे तर काच हवी, आणि काचेच्या बंद पात्रात मासा जगावयाचा तर पाण्याचे रहस्य उलगडायला हवे. हे काम एकोणिसाव्या शतकात तीन व्यक्तींनी केले.

पहिली व्यक्ती स्त्री होती. जान विल्प्रो-पॉवर ही फ्रान्समधील एका खेड्यात १७९४ मध्ये जन्मलेली शिवणकाम करणारी मुलगी. विवाहानंतर ती सिसिलीत मेसिना येथे राहावयास गेली आणि स्वतःच्या बळावर निसर्गाभ्यासक झाली. आर्गोनॉट ह्या अष्टपाद प्राण्याचा पातळ शंख त्याने स्वतः तयार केलेला असतो की दुसऱ्याचा चोरलेला, असा वाद विद्वानांत होता. तो सोडविण्यासाठी १८३२ च्या सुमारास तिने काचेच्या पेट्या बनविल्या, त्यांत समुद्राचे पाणी व जिवंत प्राणी ठेवले, आणि शंख त्याचा स्वतःचाच असतो हे डोळ्यांदेखत सिद्ध केले.

दुसरे रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. १८४९ मध्ये त्यांनी काचेच्या मोठ्या पात्रात दोन सोनमासे आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि माशांचा कर्बवायू घेईल, असा हिशेब होता. काही दिवसांनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. मासा, वनस्पती आणि तुच्छ मानली जाणारी गोगलगाय ह्या तिघांचे एकमेकांवाचून चालत नाही, हे एका पात्रात प्रथमच शास्त्रीय रीतीने दाखविले गेले. नॅथॅनिएल वॉर्ड ह्या डॉक्टरांनी त्याआधीच झाडांसाठी बंद काचपेट्या तयार केल्या होत्या, आणि १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरील कर उठल्यामुळे काच स्वस्त झाली होती. आता फक्त एका प्रचारकाची उणीव होती.

तो प्रचारक फिलिप हेन्री गॉस ह्यांच्या रूपाने मिळाला. गॉस हे कट्टर प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक आणि समुद्रजीवांचे व्यासंगी चित्रकार. डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांतल्या डबक्यांत त्यांना सृष्टिकर्त्याचे वैभव दिसे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यगृह उघडले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५४ मध्ये त्यांचे 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि हा शब्द घरोघर पोहोचला. पाहता पाहता इंग्लंडला ह्या छंदाचे वेड लागले. लोखंडी चौकट, काच आणि पुट्टी ह्यांच्या पेट्या दिवाणखान्यात आल्या. हातात बादली आणि जाळी घेऊन हौशी लोक किनाऱ्याकडे धावू लागले.

त्यानंतर जे घडले ते गॉस ह्यांचे चिरंजीव एडमंड गॉस ह्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. ज्या डबक्यांचे सौंदर्य वडिलांनी लोकांना दाखविले, ती डबकी त्यांच्याच वाचकांनी ओरबाडून काढली. शतकानुशतके अबाधित राहिलेले जीवन काही वर्षांत उजाड झाले. हे पाहून वडिलांना अतिशय दुःख झाले, असे एडमंड लिहितात. ह्या मनुष्याचा हेतू निर्मळ होता. सृष्टीतून स्रष्ट्याची ओळख पटावी एवढीच त्याची इच्छा होती. परंतु प्रेमाला मर्यादेचे भान नसेल तर ते ज्याच्यावर जडते त्याचाच घास घेते. मत्स्यालयाच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात हा धडा लिहिलेला आहे.

मुंबईहून गावाकडे

महाराष्ट्रात ह्या छंदाची सार्वजनिक ओळख झाली ती मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयामुळे. एका पारशी दानशूराच्या देणगीच्या साहाय्याने सरकारने ते उभारले आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शाळेच्या सहलीत तेथे गेलेल्या पिढ्यांना काचेमागे संथपणे फिरणारे कासव आयुष्यभर आठवते. घरगुती पेट्यांची बाजारपेठ क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढली. चेन्नईजवळचे कोळत्तूर आणि कोलकात्याचा परिसर येथून रंगीत मासे येऊ लागले. १९६० नंतर सिलिकॉन नावाचा चिकट पदार्थ बाजारात आला आणि लोखंडी चौकट अनावश्यक झाली. काचेला काच थेट चिकटू लागली, आणि हव्या त्या मापाची पेटी गावातला काच कापणाराही बनवू शकू लागला. बारामतीसारख्या शहरात आज मोठ्या पेट्या दिसतात त्याचे मूळ ह्या साध्या शोधात आहे.

मोठी पेटी बसविणे म्हणजे काय, हे आकड्यांत पाहिलेले बरे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी घ्या. तिची क्षमता चोवीस घनफूट म्हणजे सुमारे ६८० लिटर होते. नुसत्या पाण्याचे वजनच ६८० किलो. बारा मिलिमीटर जाडीची काच सव्वाशे किलोच्या आसपास. त्यात वाळू, दगड आणि लोखंडी घडवंची धरली तर भार नऊशे किलोंच्या घरात जातो. म्हणून अशी पेटी भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी, आणि जुन्या माळवदी घराच्या माडीवर तर मुळीच ठेवू नये. काचेवरील दाब पेटीच्या लांबीवर अवलंबून नसतो, उंचीवर असतो. खाली तो सर्वाधिक असतो. घडवंची तसूभरही तिरकी असली तर एका कोपऱ्यावर ताण येऊन काच तडकते. म्हणून तळाशी थर्माकोलचा पत्रा घालण्याची पद्धत आहे. सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत आठवडाभर धीर धरावा लागतो.

त्याहून मोठा धीर त्यानंतर लागतो. पेटी भरली की त्याच दिवशी मासे सोडण्याची घाई होते आणि चार-आठ दिवसांत मासे मरतात. त्याचे कारण असे की माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विष तयार होते. सर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले की मातीत व पाण्यात काही सूक्ष्म जंतू असतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. पहिले दोन पदार्थ माशांना घातक, तिसरा पुष्कळ अंशी निरुपद्रवी. हे जंतू गाळणीतील स्पंजावर व वाळूवर वसती करतात, आणि त्यांची पुरेशी वाढ व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत पाणी नुसते फिरते ठेवावे आणि जंतूंच्या वाढीसाठी त्यात चिमूटभर खाद्य टाकीत जावे. वॉरिंग्टनच्या गोगलगायीचे काम येथे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. गाळणी नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने खळखळून धुणारा मनुष्य आपल्या तळ्याचा प्राणच धुऊन टाकतो. ती पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावी.

आपल्या भागातील आणखी दोन अडचणी आहेत. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. मऊ पाण्यात जगणारे परदेशी मासे त्यात झुरतात. आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिशीकडे सरकला की कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर दोन-तीन तासांत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणे ही चैन नव्हे, जबाबदारी होय.

पाण्याचाही हिशेब करावा. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे लागते, म्हणजे ह्या पेटीचे सुमारे १७० लिटर. ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आठवड्याला तीन माणसांचे एका दिवसाचे पाणी. जिरायती पट्ट्यात टँकरची वाट पाहणारी वस्ती ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्यात हे पाणी गटारात ओतणे शोभत नाही. त्यात नायट्रेट असते आणि ते झाडांचे खाद्य आहे. ते परसातल्या कढीलिंबाला, पपईला घालावे.

भीमेचे जुने रहिवासी

काचेतल्या माशांवर एवढी माया करणाऱ्या आपल्याला नदीतल्या माशांची नावे तरी ठाऊक आहेत काय? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांचे वसतिस्थान आणि त्यांना घालावयाचे खाद्य ह्यांचे बारीक वर्णन आहे. दख्खनच्या राजाला आपल्या नद्यांतील मासे ओळखीचे होते.

त्यानंतर सातशे वर्षांनी कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करीत हिंडला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी ह्या नद्यांतील मासे त्याने पकडविले, त्यांची चित्रे काढविली आणि १८३९ मध्ये ते लंडनच्या विद्वत्सभेपुढे मांडले. त्याने चाळीसहून अधिक जातींचे वर्णन केले. विशेष हे की पुष्कळ माशांना त्याने कोळ्या-भोयांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुद्री, कोळस, नुक्ता ही मराठी नावे आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत लॅटिन शेपटासह नांदत आहेत. दख्खनचा महासीर म्हणजे 'टॉर खुद्री'. साइक्सने त्याचे वर्णन केले ते पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. तीच मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि ती भीमा इंदापूरला येते.

आज पुण्याखालच्या मुळा-मुठेत महासीर शोधू गेल्यास काय सापडेल हे सांगावयास नको. शहरांचे सांडपाणी, वाळूउपसा आणि बांध-बंधारे ह्यांनी त्याचा मार्ग रोखला. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता दुर्मिळ झाला. महासीरची जात सर्वस्वी नष्ट झाली नाही ह्याचे काही श्रेय लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावरील टाटा कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रास आहे. १९७० च्या दशकापासून तेथे महासीरची अंडी उबवून पिल्ले निरनिराळ्या जलाशयांना पुरविली गेली.

यशवंतसागरातील पाहुणे

उजनीच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्याची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्याच्या पोटात इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतील गावे, मळे आणि देवळे गेली. पाणी फार खाली गेले म्हणजे पळसदेवचे प्राचीन पळसनाथाचे मंदिर चिखलातून वर येते आणि उठून गेलेली म्हातारी माणसे आपल्या जुन्या उंबऱ्यांची जागा मुलांना दाखवितात. पण ह्याच पाण्याने नवा व्यवसायही दिला. भिगवण आणि इंदापूरचे मासळी बाजार नावारूपाला आले. कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले आणि भोई समाजाच्या तरुणांना नावाडी व वाटाड्या म्हणून काम मिळाले.

जलाशयात मासे मात्र बदलले. धरणाच्या स्थिर पाण्यात वाहत्या नदीचे मासे टिकत नाहीत. त्यांची जागा बाहेरून आलेल्यांनी घेतली. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ मध्ये श्रीलंकेहून भारतात आणला गेला. आपले मच्छीमार त्याला 'चिलापी' म्हणतात. ह्याची मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे आणि वाढ अफाट. मठांच्या तळ्यांतला कार्पही १९३९ मध्ये निलगिरीत आणि १९५७ मध्ये बँकॉकहून पुन्हा भारतात आला. भिगवणच्या बाजारात तो 'सायप्रिनस' ह्या विद्वान नावाने विकला जातो. ह्या पाहुण्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. चिलापीने गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने घातली आणि हजारो जाळ्यांना काम दिले. परंतु प्रत्येक पाहुणा असा नसतो. आफ्रिकी मांगूर हा हिंस्र मासा शेततळ्यांतून निसटून नदीतील इतर मासे फस्त करतो, म्हणून भारत सरकारने २००० साली त्याच्यावर बंदी घातली. तरीही चोरून वाढविलेली त्याची तळी नष्ट करण्याची वेळ मत्स्यव्यवसाय खात्यावर आली.

आणि आता दिवाणखान्यातला पाहुणा. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतील 'सकर' मासा दुकानात दोन-तीन इंचांचा असताना मिळतो. काचेला तोंड चिकटवून तो शेवाळ खातो, म्हणून 'पेटी साफ ठेवणारा' अशी त्याची ख्याती. परंतु तो दीड फुटापर्यंत वाढतो. मग तो पेटीत मावेनासा होतो, इतर माशांना त्रास देतो, आणि मालक दयाबुद्धीने त्याला ओढ्यात किंवा कालव्यात सोडून देतो. घरातली पेटी, विक्रेत्याची कुंडी आणि पावसात ओसंडलेले शेततळे हेच त्याचे नदीकडे जाण्याचे रस्ते. उजनीत आज हा मासा मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. त्याच्या अंगावर हाडांच्या चकत्यांचे चिलखत आणि काटेरी पर असल्यामुळे जाळे फाटते. बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. तो पाण्यावर येऊन हवा गिळतो, म्हणून घाणेरड्या पाण्यातही मरत नाही. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. ज्या भोयाच्या बापाचे शेत धरणात गेले आणि ज्याने कर्ज काढून जाळे घेतले, त्याच्या जाळ्याला पडलेले भोक कोणा सुखवस्तू घरातील हौसेतून पडलेले असते. त्या घराला त्याची कधी वार्ताही लागत नाही.

गॉसच्या काळी हौशी लोकांनी किनारा रिकामा करून पेट्या भरल्या. आपल्या काळी पेट्या रिकाम्या करून नदी भरली जात आहे. दिशा उलटी झाली, चूक तीच राहिली. पाणी म्हणजे केवळ जागा नव्हे, एकमेकांवाचून न जगणाऱ्या जीवांचा तो संसार आहे, हे वॉरिंग्टनच्या काचपात्राने शिकविलेले सत्य आपण पेटीत पाळतो आणि नदीत विसरतो.

माशांपुढे प्रवचन

रिमिनी येथे लोकांनी ऐकले नाही म्हणून संत अंतोनीने नदीकाठी माशांपुढे प्रवचन केले, ही आख्यायिका आपल्या लेकरांनाही ठाऊक आहे. १६५४ मध्ये, त्याच संताच्या सणाच्या दिवशी, अंतोनियो व्हिएरा ह्या पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरूने ब्राझीलच्या मारान्याव प्रांतात माशांना उद्देशून एक प्रवचन केले. माशांचा मोठा दोष हा की ते एकमेकांना खातात, आणि मोठे लहानांना खातात, असे तो म्हणाला. समोर बसलेले वसाहतवाले मळेमालक काय ते समजले; कारण मूळ रहिवाशांना गुलाम करण्याविरुद्ध व्हिएरा झगडत होता. मोठ्या माशाला चिकटून फुकट प्रवास करणाऱ्या माशांनाही त्याने त्यात चांगलेच फटकारले. ज्या खंडात ते प्रवचन झाले त्याच खंडातला चिकटणारा मासा आज भीमेत आला आहे, आणि प्रवचनाचा विषयही तसाच शिल्लक आहे: कोणाच्या सुखाची किंमत कोण मोजतो?

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने ह्याबाबत समतोल शिकवण दिली आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे. त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि त्याच परिच्छेदात असेही म्हटले आहे की जो पैसा प्रथम माणसांचे दुःख निवारण्यासाठी लागावयाचा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात नष्ट होणाऱ्या जीवजातींविषयी खेद व्यक्त केला. आपल्यामुळे हजारो जाती आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करावयास उरणार नाहीत, आणि तसा अधिकार आपल्याला नाही, असा त्यांचा आशय आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाचव्या दिवशी देवाने पाण्यातील जीवांना आशीर्वाद दिला. सबंध बायबलात आशीर्वादाचा तो पहिला प्रसंग आहे. माणसाच्या आधी माशाला आशीर्वाद मिळाला, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

ह्याचा अर्थ घरात मत्स्यपेटी ठेवू नये असा नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला, बडबड्या बालकाला, दिवसभर कष्टून आलेल्या गृहिणीला त्या हलत्या पाण्यापुढे घटकाभर शांती लाभते, आणि शांती ही देवाची देणगी आहे. परंतु पेटी बनवून घेण्याआधी काही नियम घराने स्वतःला घालून घ्यावेत. मासा केवढा होतो हे विचारूनच विकत घ्यावा. शक्यतो आपल्या देशातले, पैदास करून वाढविलेले मासे घ्यावेत. भीमेच्या ओढ्यांतही आढळणारा ठिपक्यांचा छोटा टिक्टो कोणत्याही परदेशी माशाइतकाच देखणा आहे. सह्याद्रीतला डेनिसन बार्ब परदेशातील पेट्यांसाठी इतका पकडला गेला की केरळच्या नद्यांत तो विरळ झाला. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला 'सह्याद्रिया' असे नाव दिले, त्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. म्हणून ओढ्यातून ओरबाडलेला मासा घेऊ नये. नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, शेजाऱ्याला द्यावा, शाळेच्या पेटीला द्यावा; मेलेला मासा मातीत पुरावा. आणि जिवंत मासा, त्याची अंडी चिकटलेली वनस्पती किंवा पेटीचे पाणी नदीत, कालव्यात, विहिरीत कधीही सोडू नये. वेदीजवळचे पाणी जसे मातीत जाते तसेच हेही पाणी मातीत जावे.

धर्मग्रामातील युवकसंघांनी भिगवणच्या बाजारात एक सकाळ घालवावी, जाळे विणणाऱ्या भोयांशी बोलावे, आणि खुद्री, कोळस, नुक्ता ही नावे कोणाला आठवतात का ते विचारावे. जुनी माणसे आहेत तोवर ही नावे लिहून घेणे हेही विवारियमच्या मठवासीयांनी केलेल्या कामाच्याच जातीचे आहे. त्यांनी ग्रंथ आणि मासे दोन्ही राखले. आपल्या वाट्याला निदान नदी आणि तिची नावे राखण्याचे काम आले आहे.